करवंदीच्या जाळीत हात घालण्याआधी

करवंदं काढायला लागलं की माणूस वाकतो, गप्प होतो आणि नजरेच्या आधी हात पुढे करतो. घात होतो तो या सवयींनीच. वाकलेला माणूस बिबट्याला लहान दिसतो, गप्प माणसाची चाहूल अस्वलाला लागत नाही आणि न बघता गेलेला हात फुरशावर, म्हणजे जमिनीलगत बसणाऱ्या छोट्या विषारी सापावर, पडतो. पुढे जे सांगायचं आहे त्याचं मूळ एवढंच: मोठ्या जनावरापर्यंत तुमचा आवाज आधी पोचला पाहिजे, आणि छोटं जनावर तुम्हाला आधी दिसलं पाहिजे.

शब्दांचा घोळ होऊ नये म्हणून आणखी एक. कोकणात नुसतं 'जनावर' म्हटलं की साप, आणि 'वाघ' म्हटलं की बहुतेक वेळा बिबट्या. 'वरच्या सड्यावर (उघड्या कातळपठारावर) जनावर आहे' असं गावात कोणी सांगितलं तर कसलं ते नीट विचारून घ्या. साप आणि बिबट्या, दोन्हींसाठी करायच्या गोष्टी अगदी वेगळ्या आहेत.

हंगाम आणि जागा

करवंदीला थंडी ओसरता ओसरता पांढरी, जुईसारख्या वासाची फुलं येतात. मार्चअखेरीस लोणच्याजोगी हिरवी करवंदं मिळतात, एप्रिलच्या मध्यापासून पिकायला लागतात आणि मे महिना हा खरा भर. पहिला जोराचा पाऊस झाला की फळ पाणी पिऊन फुगतं, तडकतं, बेचव होतं आणि आत अळी पडते. मृग लागल्यावर करवंदांसाठी सडा तुडवण्यात अर्थ नाही.

करवंदी वाढते ती मुख्यतः तीन ठिकाणी, आणि प्रत्येक ठिकाणची भीती वेगळी आहे. रत्नागिरी, राजापूर, देवगडकडच्या उघड्या कातळसड्यावर ऊन, वीज आणि फुरसं. आंबा-काजूच्या बागांभोवती जांभ्याचे गडगे, म्हणजे दगडी कुंपणं, असतात, त्यांना लागून वाढलेल्या जाळ्यांत विंचू आणि साप, कारण सुक्या रचलेल्या गडग्याच्या प्रत्येक फटीत कोणीतरी राहत असतं. घाटाच्या पायथ्याच्या रानात, विशेषतः सावंतवाडी, दोडामार्ग भागात, गवा आणि अस्वल. बिबट्या तिन्ही ठिकाणी येऊ शकतो.

नवख्याने सुरुवात करावी ती उघड्या सड्यावरच्या सुट्या झुडपांपासून. चारी बाजूंनी दिसतं, फिरता येतं. भर उन्हातल्या कातळावरची करवंदं आकाराने बारीक पण जास्त गोड असतात. ओढ्याकाठच्या सावलीतली मोठी दिसतात आणि आंबट-पाणचट निघतात. म्हणजे जिथे धोका कमी तिथेच फळ चांगलं. ओढ्यालगतच्या दाट, एकमेकींत गुंतलेल्या जाळ्या दुपारच्या विसाव्याला जनावरं वापरतात. त्या सोडून द्याव्यात, कितीही लगडलेल्या दिसल्या तरी.

झाड ओळखताना

समोरासमोर जोडीने येणारी लंबगोल, तुकतुकीत, जाडसर पानं. फांदीवर जोडीने येणारे सरळ, टणक काटे, काही टोकाशी दुभंगलेले. कोवळी फांदी मोडली की पांढरा चीक. फळं घोसाने, हिरव्यापासून गुलाबी, लाल आणि शेवटी जांभळट काळी होत जाणारी. या चारही गोष्टी जुळल्या तर करवंदच. नुसत्या चिकावर विसंबू नका. कण्हेर आणि पिवळी कण्हेर याच कुळातल्या, चिकाच्याच आणि जिवावर बेतणाऱ्या विषाच्या.

जाळीत खरी गफलत होते ती घाणेरीशी. ती करवंदीतच घुसून वाढते आणि तिची मिरीएवढी काळी फळं गुच्छात येतात. पानं खरखरीत, चुरगळली की उग्र वास, फांदी चौकोनी, चीक नाही. तिची कच्ची फळं विषारी असतात. लहान मुलं काळं दिसलं की तोंडात टाकतात, म्हणून मुलांना सांगावं की मोठ्यांनी दाखवलेलं फळच खायचं. अंजनीची काळीजांभळी फळंही याच दिवसांत पिकतात; ती खाण्यासारखी आहेत, पण अंजनीला काटे नसतात आणि चीकही नसतो. सड्याच्या कडेला काजऱ्याचं झाड असेल तर त्याची छोट्या संत्र्यासारखी केशरी फळं मुलांना आधीच दाखवून 'याला हात लावायचा नाही' हे बजावावं. कुचल्याचं विष ते हेच.

काय घालायचं, काय न्यायचं

पूर्ण बाह्यांचा जाड सुती सदरा. कृत्रिम धाग्याचं पातळ कापड काट्याला अडकून फाटतं आणि सोडवायच्या नादात हात ओरबाडतो. जाड पँट, बुटाच्या वरून सोडलेली, आत खोचलेली नव्हे. सैल कापडाची घडी सापाच्या दातात आणि पोटरीत थोडं अंतर ठेवते. पायात घोट्यापर्यंतचे चामडी बूट किंवा गमबूट. चपलेने सड्यावर जाऊ नये. फुरसं बसतं जमिनीलगत, गवताच्या चुडीपाशी, आणि दंश पायाच्या पंज्यावर किंवा घोट्याशी होतो. डावा हात फांदी धरतो, म्हणून डाव्या हातात चामडी मोजा. उजवा मोकळा, कारण पिकलेलं करवंद बोटांनाच कळतं. डोळ्यांवर चष्मा, साधा असला तरी चालेल. अंगठ्या आणि घट्ट बांगड्या घरी ठेवा. हात सुजला तर त्या कापाव्या लागतात.

काठी दोन कामांची हवी. साडेचार-पाच फूट लांब, एका टोकाला फांदी ओढायला आकडी, दुसरं टोक पानं बाजूला सारायला. करवंदं ठेवायला बांबूची उथळ करंडी किंवा रोवळी, तळाला पळसाची किंवा कुंभ्याची पानं. पाच-सहा इंचांपेक्षा जास्त थर देऊ नये, खालची पिचतात. प्लॅस्टिकच्या पिशवीत उन्हामुळे वाफ धरते आणि घरी पोचेपर्यंत आंबूस वास सुटलेला असतो.

माणशी किमान दोन लिटर पाणी, मिठाची चिमूट घातलेलं कोकम सरबत, चिमटा, सुई, साबण, खोबरेल तेलाची लहान बाटली, रुंद पट्टी, शिट्टी. फोन चार्ज केलेला, पण सड्याच्या खोलगट भागात आणि घाटपायथ्याला रेंज जाते. म्हणून कुठल्या सड्यावर जातो आणि कधी परत येणार हे घरी सांगून निघा. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात सर्पदंशाची लस आहे का, हे आदल्या दिवशीच विचारून ठेवा. दंश झाल्यावर शोधाशोध करण्यात जो वेळ जातो तोच महागात पडतो.

कुत्रा बरोबर नेऊ नका. बिबट्याला कुत्रा हे भक्ष्य आहे. अस्वलाच्या मागे लागलेला कुत्रा घाबरला की धन्याकडे पळत येतो आणि मागोमाग अस्वलही.

जाळीपाशी

वेळ सकाळी साडेसात-आठ ते साडेदहा-अकरा. त्याआधी उजाडतानाचा काळ बिबट्या, अस्वल, डुकरं यांच्या परतीचा, आणि रात्री बाहेर पडलेले सापही अजून बिळात गेलेले नसतात. संध्याकाळी पाचनंतर करवंदांसाठी रानात थांबू नये. कमीत कमी तिघं असावेत. दोघं काढतील, एक उभा राहून नजर ठेवील आणि दर पंधरा-वीस मिनिटांनी पाळी बदलेल. हा राखणीचा माणूस बिनकामाचा वाटतो आणि अर्ध्या तासात तोही काढायला लागतो; तसं होऊ देऊ नका. मुलं मधे, मोठी माणसं बाहेरच्या बाजूला.

जाळी दिसली की थेट जवळ जायचं नाही. वीस-पंचवीस पावलांवर थांबून मोठ्याने बोला, काठीने कातळावर ठोका, मिनिटभर ऐका. आत कोणी मोठं असेल तर त्याला निघून जायला वेळ आणि वाट दोन्ही मिळतात. वाट महत्त्वाची. चौघांनी चारी बाजूंनी जाळीला वेढा घातला तर आतल्या जनावराला बाहेर पडायला तुमच्या अंगावरूनच जावं लागतं. सगळ्यांनी एकाच बाजूने जावं.

मग जाळीला एक फेरी, चार-पाच हात अंतर ठेवून. बघायचं काय? खालून आत गेलेली बोगद्यासारखी वाट, ताजी उकरलेली माती, हाडं किंवा केस, कुजका वास, गांधीलमाशांचं पोळं, पानं शिवून केलेली तांबड्या मुंग्यांची घरटी, आणि वर चढलेली खाजकुयली. वाळलेल्या खाजकुयलीच्या शेंगांची लव नुसत्या वाऱ्याने अंगावर येते. ती लागली तर चोळू नका, लगेच पाणीही लावू नका. चिकटपट्टी किंवा कणकेचा गोळा दाबून लव उचला आणि मग धुवा.

आता काढायला सुरुवात. काठीचं टोक जाळीत घालून पानं सारा आणि बघा: आधी बुंधा आणि त्याखालचा पाचोळा, मग मधल्या फांद्या, शेवटी डोक्याच्या उंचीवरच्या. काठी आपटली की साप पळतो असा पुष्कळांचा समज आहे. धामण पळते, नागही बहुधा सरकतो. फुरसं आणि घोणस मात्र जागच्या जागी बसून राहतात. त्यांचा भरवसा पळण्यावर नसून रंगावर असतो. म्हणून ठोकण्याने सापाचं काम भागत नाही, पानं सारून बघावंच लागतं. फांदीवर हिरवा चापडा किंवा हरणटोळ असेल तर तो पानातच मिसळलेला असतो. एकाच जागी नजर दोन-तीन श्वास ठेवली तरच त्याचा आकार वेगळा होतो.

फळ दिसलं तरी उकिडवं बसायचं नाही. खालचा घोस आकडीने फांदीसकट वर उचलून कमरेच्या उंचीला आणा आणि उभ्याने काढा. उभं राहिलं की चेहरा जाळीपासून लांब राहतो, पाय मोकळे राहतात आणि बिबट्याला तुमची पूर्ण उंची दिसते. जाळीच्या आतल्या करवंदांचा नाद सोडावा. बाहेरचा हातभर थर काढून पुढच्या झुडपाकडे जावं. आतली पाखरांना आणि कांडेचोराला (उदमांजराला) राहू द्यावीत, बिया तेच पसरवतात.

फांदी डाव्या हाताने टोकाकडून बुंध्याकडे सरकत धरू नका, काटे तळव्यात शिरतात. दोन काट्यांच्या जोड्यांमधली मोकळी जागा बघून तिथे चिमटीत धरा. ओढलेली फांदी कधीही झटक्याने सोडायची नाही. मागे उभ्या असलेल्याच्या डोळ्यात काटा जातो तो अशाच वेळी. 'सोडतोय' असं म्हणून हळूच जागेवर नेऊन सोडा.

पिकलेलं करवंद पूर्ण काळं असतं, दाबलं तर किंचित मऊ लागतं आणि अंगठ्याने जरा वळवलं की देठ फांदीवर ठेवून सुटून येतं. ओढावं लागलं, किंवा सुटल्यावर देठाच्या जागी पांढरा थेंब आला, तर ते अजून तयार नाही. लालसर असताना काढलं तर घरी दोन दिवसांत काळं पडतं, पण झाडावरची गोडी त्याला येत नाही. कच्च्या फळाचा चीक ओठांना चिकटतो आणि जास्त खाल्लं तर घसा धरतो. चीक पाण्याने निघत नाही, वाढतो. आधी खोबरेल तेल, मग साबण.

नवख्या हाताला तासाभरात अर्धा किलो मिळाली तरी पुष्कळ. घाई करणाऱ्याच्या करंडीत पानं, देठ, लाल करवंदं जास्त आणि हातावर ओरखडे जास्त.

काटा मोडून आत राहिला तर तिथेच थांबून काढावा. जखम साबणाने धुवावी. बोटाच्या किंवा गुडघ्याच्या सांध्याजवळ घुसलेला काटा वरून दिसत नसला तरी आत राहून सांधा आठवडेच्या आठवडे सुजवतो. अशी सूज दोन-तीन दिवसांत उतरली नाही तर डॉक्टरांना 'करवंदीचा काटा गेला होता' असं स्पष्ट सांगा. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं तेही आठवून ठेवा.

फुरसं, घोणस, चापडा, विंचू

फुरसं हाताएवढं किंवा त्याहूनही आखूड, मातकट, जांभ्यावर ठेवलं तर दिसणार नाही अशा रंगाचं. डोक्यावर बाणासारखी किंवा पाखराच्या पावलासारखी खूण. डिवचलं की अंगाची वेटोळी एकमेकांवर घासून करकर आवाज काढतं. आकारावर जाऊ नका. चावा विजेसारखा असतो आणि विष रक्त गोठू देत नाही. घोणस जाड, अंगावर साखळीसारखे डाग, कुकरच्या शिट्टीसारखा लांब फुत्कार.

दंश झाला तर माणसाला खाली बसवा किंवा आडवं करा आणि चालू देऊ नका. अंगठ्या, बांगड्या, घड्याळ, बूट काढा. चावलेला हात किंवा पाय मोडलेल्या हाडाला देतात तसा काठीचा आधार देऊन, पट्टीने सैलसर बांधून, हलणार नाही असा ठेवा. करकचून दोरी बांधायची नाही, चिरा पाडायचा नाही, चोखायचं नाही, झाडपाला चोळायचा नाही. गच्च बांधलेल्या दोरीने फुरशाच्या दंशात उलट अवयव जायची वेळ येते. १०८ ला फोन करा. गाडी लगेच मिळत असेल तर वाट बघू नका. अ‍ॅस्पिरिन किंवा सूज उतरवणाऱ्या गोळ्या देऊ नका, रक्तस्राव वाढतो. फुरशाची लक्षणं काही तासांनीही येतात: हिरड्यांतून रक्त, लघवीत रक्त, सुईच्या जागेतून न थांबणारं रक्त. म्हणून 'काही झालं नाही, घरी जाऊ' असं दवाखान्यातून उठून यायचं नाही.

साप मारून किंवा पकडून न्यायची गरज नाही. आपल्याकडची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर एकत्रच चालते. लांबून फोटो मिळाला तर बरं, नाहीतर रंग आणि आकार आठवून सांगा. हिरवा चापडा असेल तर ते जरूर सांगा, कारण ही लस त्याच्या विषासाठी बनवलेली नाही आणि डॉक्टरांना उपचार वेगळे ठरवावे लागतात.

विंचवाला हलकं घेण्याची चूक कोकणात तरी करू नये. गडग्याच्या दगडाखालचा लाल विंचू हृदयावर जातो. नुसती आग आणि ठणका वेगळा. पण दरदरून घाम, उलट्या, हातपाय गार पडणं, धाप, तोंडाला फेस यांतलं काही दिसलं, विशेषतः लहान मुलात, तर एक मिनिटही दवडू नका. महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन वापरण्याची पद्धत रूढ केली आणि त्यामुळे पूर्वी दगावणारी माणसं वाचू लागली. औषध आहे, फक्त वेळेत पोचायला हवं. गडग्याचा दगड बोटं खाली घालून उचलू नये आणि करंडी गडग्यावर ठेवू नये, एवढं पाळलं तरी विंचवाशी गाठ पडणं पुष्कळ टळतं.

अस्वल, बिबट्या, गवा

आपल्याकडचं अस्वल झाडावर चढतं, माणसापेक्षा वेगाने धावतं आणि त्याला लांबचं नीट दिसत नाही. नाक मात्र तीक्ष्ण. वाळवी, मध आणि जांभूळ, उंबर, बोरं अशा रानफळांवर ते जगतं, म्हणजे उन्हाळ्यात त्याची आणि आपली वाट एकच. त्याच्या हल्ल्याचं कारण बहुतेकदा एकच असतं: माणूस अचानक अगदी जवळ आला. पिल्लं थंडीत जन्मतात आणि एप्रिल-मे महिन्यांत आईच्या पाठीवर बसून हिंडतात; त्या दिवसांतली मादी सर्वांत धोक्याची. फोडलेलं ताजं वारूळ, झाडाच्या खोडावर नख्यांचे ओरखडे, बियांनी भरलेली विष्ठेची रास दिसली तर त्या दिवशी ती बाजू सोडावी. ओढ्याच्या खळखळाटात किंवा वारा समोरून येत असेल तेव्हा तुमचा आवाज आणि वास पुढे पोचत नाही. अशा वेळी दुप्पट मोठ्याने बोलत जा.

लांब दिसलं तर थांबा, एकत्र या, त्याच्याकडे तोंड ठेवून हळूहळू मागे सरका. पळायचं नाही, झाडावर चढायचं नाही. अंगावर आलंच तर पालथं पडून तोंड जमिनीकडे, दोन्ही हातांची बोटं मानेमागे गुंफलेली, कोपरं गालांशी. अस्वल चेहऱ्यावर आणि डोक्यावर जातं, तेच झाकायचं. ते लांब गेल्याची खात्री होईपर्यंत उठू नका.

बिबट्याच्या बाबतीत उलट: खाली वाकायचंच नाही. मुलांना लगेच उचलून घ्या, हात आणि काठी वर करा, मोठा आवाज करा, नजर न काढता मागे सरका. हल्ला केलाच तर काठी, दगड, हाताला लागेल त्याने प्रतिकार करायचा. जाळीत मांजरीएवढी पिल्लं दिसली तर उचलू नका, फोटोसाठी थांबू नका, आल्या वाटेने निघा आणि वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. आई जवळपास असते.

गव्याला माणसाशी देणंघेणं नसतं, पण त्याची वाट अडवली तर तो वाट करून घेतो. कळपापेक्षा एकटा नर अवघड. मान खाली घालून फुरफुरला किंवा पायाने माती उडवली की जाड खोडाच्या आड जा आणि त्याला मोकळी बाजू द्या. पिल्लांबरोबरच्या रानडुकरिणीलाही हेच लागू.

सड्यावर टिटवीचा आवाज ओळखायला शिका. एप्रिल-मे महिन्यांत ती उघड्या कातळावरच अंडी घालते. ती तुमच्या डोक्यावर घिरट्या घालून ओरडत असेल तर पायाखाली बघून मागे फिरा, घरटं तुमच्याजवळ आहे. ती दुसरीकडे कुठे सारखी ओरडत असेल तर तिथे काहीतरी चालतं आहे. वानरं एका दिशेला बघून खाकरायला लागली तर काढणं थांबवून सगळ्यांनी एकत्र यावं.

ऊन, वीज, वणवा आणि चिरेखाण

जनावरांच्या भीतीत या गोष्टी विसरल्या जातात आणि त्या जास्त सहज गाठतात. अकरानंतर कातळ तापतो आणि उष्णता खालून-वरून दोन्हीकडून येते. डोकं दुखणं, मळमळ, घाम येणं थांबणं ही उन्हाची लक्षणं आहेत. लगेच सावली, ओलं कापड, पाणी. घाम थांबून बोलणं असंबद्ध झालं तर थेट दवाखाना. मे महिन्यात दुपारनंतर ढग भरून गडगडायला लागलं की करंडी अर्धी असली तरी सडा सोडा. उघड्या कातळावर सगळ्यांत उंच तुम्हीच असता आणि एकट्या झाडाखाली उभं राहणं त्याहून वाईट. सुकं गवत पेटलेलं दिसलं तर वाऱ्याच्या दिशेने, चढावर पळू नका. आधीच जळून गेलेल्या किंवा गवत नसलेल्या कातळाकडे आडवे निघा.

चिरेखाणी, म्हणजे जांभ्याचे चिरे काढायच्या खाणी, हा सड्यावरचा लपलेला धोका आहे. बंद पडलेल्या खाणीच्या कडा तोडल्यासारख्या सरळ असतात आणि नेमकी कडेवर करवंदी वाढून खाणीवर झुकते. फळ बघत पुढे सरकणाऱ्याला जमीन संपल्याचं कळत नाही. अनोळखी सड्यावर प्रत्येक मोठ्या जाळीच्या पलीकडे काय आहे ते आधी फेरी मारून बघा, आणि मुलांना तर तिथे मोकळं सोडूच नका.

जागा कोणाची

मोकळा दिसणारा बहुतेक सडा कोणाच्या ना कोणाच्या नावावर असतो. विचारलं तर करवंदांना कोणी नाही म्हणत नाही; न विचारता बागेच्या गडग्यावरून उडी मारणाऱ्याला मात्र ऐकून घ्यावं लागतं, ते योग्यच आहे. देवराईत गावाच्या परवानगीशिवाय काही काढायचं नाही. फणसाड किंवा कर्नाळ्यासारख्या अभयारण्यात वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे फळंसुद्धा परवानगीशिवाय नेता येत नाहीत.

रायगडात कातकरी आणि ठाकर वस्त्यांतल्या बाया करवंदांचे द्रोण महामार्गावर आणि गाड्यांत विकतात. चार-सहा आठवड्यांची ती रोकड मिळकत असते. वस्तीजवळच्या जाळ्या त्यांच्यासाठी सोडाव्यात आणि आपल्याला कमी पडली तर त्यांच्याकडून भावाची घासाघीस न करता घ्यावीत. काट्यांतून किलोभर करवंदं काढून पाहिलेल्याला ती किंमत कधीच जास्त वाटणार नाही. आणि फळासाठी फांद्या तोडू नका; पुढच्या वर्षी ती फांदी फुलत नाही.

घरी आल्यावर

करंडी लगेच ताटात किंवा सुपात पसरा. पिचलेली वेगळी, लाल वेगळी, काळी वेगळी. धुवायचं ते खायच्या वेळी. ओली ठेवली तर दुसऱ्या दिवशी बुरशी धरतात. कोरडी, एका थरात, फ्रिजमध्ये तीन-चार दिवस राहतात. खाताना आधी अर्धं चावून आत बघावं. मुलं आत लाल असेल तर कोंबडा, पांढरं असेल तर कोंबडी म्हणत पैज लावतात. तो खेळ खेळताना अळीही दिसून जाते.

जॅमला तीन भाग काळी आणि एक भाग लाल करवंदं घ्यावीत. लाल फळात घट्टपणा आणणारा अंश जास्त असतो, नुसत्या काळ्यांचा जॅम पातळ राहतो. किलोभर करवंदांना एक वाटी पाणी घालून दहा-बारा मिनिटं, फुटेपर्यंत शिजवा आणि चाळणीतून घोटून बिया काढा. एक वाटी गराला पाऊण वाटी साखर. थंड बशीवर थेंब टाकून बोट फिरवल्यावर रेघ राहिली की उतरवा. लिंबू लागत नाही. भांडं स्टीलचं, लोखंडी किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्यात आंबटपणाने चव आणि रंग दोन्ही बिघडतात.

हिरवी करवंदं मिठाच्या पाण्यात तासभर ठेवून दोन वेळा धुतली की चीक जातो. खारवायची असतील तर लिटरभर पाण्यात दीडशे ग्रॅम जाडं मीठ उकळून पूर्ण गार करा, कोरड्या बरणीत करवंदं भरून वरून ओता आणि फळ पाण्याबाहेर राहणार नाही अशी बशी दाबून ठेवा. बाहेर राहिलेल्या करवंदावर पांढरी बुरशी येते आणि मग सगळी बरणी जाते. पंधरा दिवसांनी ती पिवळट होतात, तेव्हा आमटीत किंवा चटणीत घालण्याजोगी झालेली असतात.